आईचे दूध आणि समाजाचे देणे
(तासगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



द्राक्षबागेत विरळणी चाललेली असते. बांधावरच्या झोळीत मूल रडू लागते आणि शेजारची बाई म्हणते, "दूध पातळ असेल गं तुझं, वरचं सुरू कर." हा सल्ला चुकीचा आहे.

गाईच्या लिटरभर दुधात सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आईच्या दुधात सुमारे ३००. परंतु ते प्रमाण झपाट्याने वाढणाऱ्या वासरासाठी आहे. लोह तर आईच्या दुधात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमही नसते. मात्र आहे ते बाळाच्या अंगी चांगले लागते. शिवाय बाळ जन्मतःच लोहाचा साठा घेऊन येते. नाळ कापण्यापूर्वी एक ते तीन मिनिटे थांबल्यास त्यात भर पडते. सहा महिन्यांनंतर मात्र दुधाच्या जोडीला डाळ, अंडे, पालेभाजी हवीच.

आई अर्धपोटी असली, तरी तिच्या दुधातील कॅल्शियम व लोह फारसे घटत नाही. कॅल्शियमची भरपाई तिची हाडे करतात. दूध तोडल्यावर ती झीज बहुतांशी भरून येते. निसर्ग बाळाची बाजू अशी सांभाळतो. आईची बाजू कोणी सांभाळायची? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची दोन-तृतीयांशाहून अधिक बालके रक्तक्षयी आढळली. गरोदरपणीच आईला रक्तक्षय असेल, तर बाळाचा साठाही तोकडा राहण्याचा धोका असतो.

२०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आली. ती कारखान्यांतील व कचेऱ्यांतील स्त्रियांना. बागेतील रोजंदारीच्या बाईला ती कोठे? मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्यासाठीचे ५००० रुपये सहा महिन्यांची मजुरी भरून काढू शकत नाहीत. बाळाच्या दुधाच्या डब्यांच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्याने बंदी घातली. पण रोज बुडण्याची भीती जाहिरातीवाचूनही डबा घरात आणते.

म्हणून माझे मागणे साधे आहे. बागेत आणि बेदाणा शेडवर बाळासाठी सावलीची जागा असावी, पाजायला सुट्टी असावी आणि तिच्यापायी मजुरी कापली जाऊ नये. शेतमजूर स्त्रीलाही बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी. यात कोणावर उपकार नाही. आईने आपल्या हाडांतून दिलेल्या कर्जाची ही परतफेड आहे.