पेशींचे निरोप आणि क्षयरोग
(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण)



आम्ही कला शाखेचे पदवीधर, नोकरी बँकेत. शरीरशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. परंतु क्षयरोग आपल्या वस्त्यांतून अजून गेलेला नाही आणि आपण त्याचे नाव दबक्या आवाजात घेतो, म्हणून हे धाडस.

क्षयाचा जंतू सापडल्याचे रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केले. रोग्याच्या खोकल्यातून तो हवेत येतो. ताटवाटीतून पसरत नाही. श्वासावाटे फुप्फुसात गेला की तिथली भक्षक पेशी त्याला गिळते. बहुतेक जंतू असे गिळले की मरतात. हा मरत नाही. पेशीतले पाचक रस तो आपल्यापर्यंत येऊ देत नाही आणि तिथेच वाढतो. चोराने पोलीस चौकीतच बिऱ्हाड थाटावे, तसा हा प्रकार!

मग निरोप धाडावा लागतो. डेंड्रायटिक नावाच्या पेशी जंतूचे तुकडे घेऊन जवळच्या लसीका ग्रंथीत जातात. या पेशींच्या शोधासाठी राल्फ स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. पण त्याच्या तीनच दिवस आधी ते वारले होते आणि समितीला ते ठाऊक नव्हते. असो. ग्रंथीत टी-पेशी असतात. आपल्या संस्थेच्या खात्याचा चेक अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष यांच्या दोन सह्यांशिवाय वटत नाही. टी-पेशीचेही तसेच आहे. पहिली सही जंतूच्या तुकड्याची ओळख पटल्याची, दुसरी खरोखरच धोका असल्याच्या खुणेची. एकाच सहीवर ती कामाला लागली, तर उद्या आपल्याच शरीरावर उठेल.

दोन्ही सह्या झाल्या की टी-पेशी संख्येने वाढतात, रक्तातून फुप्फुसात पोहोचतात आणि इंटरफेरॉन-गॅमा नावाचे रसायन सोडतात. ही भक्षक पेशीला दिलेली चिठ्ठीच समजा. ती मिळाली की त्याच भक्षक पेशीला आतला जंतू मारण्याचे बळ येते. जे जंतू उरतात त्यांच्याभोवती पेशींचे कडे पडते. हे कडे टिकते तेही टीएनएफ नावाच्या दुसऱ्या निरोपावर. संधिवातासाठी हा निरोप अडवणारी औषधे निघाली, तेव्हा काही रोग्यांमध्ये जुना, दबलेला क्षय उसळून आला. म्हणून आता अशी औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. एचआयव्ही तर निरोप देणाऱ्या टी-पेशीच मारतो; त्या रोग्यांना क्षय का गाठतो, ते यावरून कळेल.

पेशींचे हे बोलणे डोळ्यांनी पाहता येते. हातावर मॅन्टू चाचणीची सुई टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी या म्हणतात. विद्यार्थी विचारतात, लगेच का नाही? कारण शरीरात कुठेतरी असलेल्या ओळखीच्या टी-पेशींना तिथवर येऊन इतरांना बोलवायला तेवढा वेळ लागतो. मोजतात ती लाली नव्हे, आतला कठीणपणा. मात्र त्यावरून जंतूची ओळख झालेली आहे एवढेच कळते. रोग आहे की नाही, ते थुंकी आणि एक्स-रे सांगतात.

आमच्या चाळीत बारावीतला एक मुलगा खोकत असे. बहिणीचे लग्न जमायचे होते, म्हणून घरच्यांनी लपवले. पुढे गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत वजन भरले, खोकला थांबला आणि त्याने गोळ्या सोडल्या. त्या काळात बहुतेक जंतू मरतात, पण थोडे सुस्त जंतू मागे राहतात. सहा महिन्यांचा कोर्स असतो तो त्यांच्यासाठी. पाचव्या महिन्यात त्याला रक्त पडले. आता नेहमीच्या गोळ्या लागू पडेनात. दुसऱ्या औषधांनी तो बरा झाला, पण शिक्षणाची दोन वर्षे गेली. आम्ही रोज त्याच्या दारावरून जात होतो. खोकला ऐकू येत होता. आम्हीही विचारले नाही. विनयातील आजारी भिक्खूची गोष्ट आपण जाणता. सोबत्यांनी दुर्लक्षिलेल्या त्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः अंघोळ घातली. त्या मुलाला पाहायला आम्ही गेलो ते रक्त पडल्यावर.

आणखी एक गोष्ट. उपाशी शरीराची प्रतिकारशक्ती दुबळी पडते. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्यांना दरमहा जादा शिधा दिला. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले: ज्या घरांत शिधा पोहोचला, तिथे नवे रोगी ३९ टक्क्यांनी कमी निघाले. सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० वरून १,००० रुपये झाले आहेत. ते थेट रोग्याच्या खात्यात जमा होतात. खाते उघडण्याचा अर्ज भरताना अडचण आली तर रविवारी सकाळी विहारात या. आम्ही असतो.

जयभीम!