इयागो खोटे किती बोलतो?



महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७मध्ये ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले आणि १८९०मध्ये देवलांच्या ‘झुंजारराव’ने ते आपलेसे केले. सेनापती ऑथेल्लो आपल्या निरपराध पत्नीचा, डेस्डेमोनाचा, संशयापोटी जीव घेतो, आणि तो संशय पेरतो त्याच्याच हाताखालचा इयागो, ही कथा आपणास ठाऊक आहेच. मी आज एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे : इयागो खोटे नेमके किती बोलतो?

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश पाहा. डेस्डेमोनापाशी बोलून निघालेल्या कॅसिओला पाहून इयागो नापसंतीचा एक उद्गार काढतो. ऑथेल्लोने विचारले, की त्याचेच शब्द प्रश्नासारखे परत करतो. मत्सरापासून सावध राहा, असा उपदेशही करतो. डेस्डेमोनाने लग्नासाठी वडिलांना फसवले होते, याची आठवण देतो. ती तर खरीच गोष्ट. कॅसिओचे स्वप्न, रुमालाने पुसलेली दाढी ही धडधडीत असत्ये येतात ती ऑथेल्लो स्वतः पुरावा मागू लागल्यावर. ‘कान भरणे’ हा आपला वाक्प्रचार इथे मला अपुरा वाटतो. इयागो वाक्य अर्धे ठेवतो; ऑथेल्लो ते पूर्ण करतो.

वाचक म्हणून माझी स्थितीही सोपी राहत नाही. सारे इयागोला प्रामाणिक म्हणतात. स्वगतांमुळे त्याचे बेत फक्त मला माहीत असतात. हे माहीत असणे सुखावते. त्याच्या चतुराईला मनातल्या मनात दाद जाते. चौथ्या अंकात ऑथेल्लो चारचौघांत डेस्डेमोनावर हात उगारतो, तेव्हा ती दाद घशात अडकते.

अशा वेळी मला एमिलिया, इयागोची पत्नी, महत्त्वाची वाटते. शेक्सपिअरने ही कथा चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५च्या संग्रहातून घेतली. तिथे खलनायक रुमाल स्वतः चोरतो. त्याच्या पत्नीला सारे ठाऊक असते, पण नवऱ्याच्या धाकाने ती गप्प राहते. शेक्सपिअरची एमिलिया सापडलेला रुमाल नवऱ्याच्या हाती देते, त्याचा डाव न कळता. डेस्डेमोना रुमाल शोधते तेव्हा ठाऊक नसल्याचेही सांगते. परंतु डाव उमगताच, तलवार उपसलेल्या नवऱ्यासमोर ती सत्य बोलते आणि त्यापायी मरते. त्यानंतर इयागो तोंड मिटून घेतो.

अर्ध्या वाक्यांवर उभे राहिलेले कपट एका पूर्ण वाक्याने कोसळते, पण डेस्डेमोना तोवर गेलेली असते. ऑथेल्लोने इयागोला किती प्रश्न विचारले ते मोजून पाहा. ज्याच्याविषयी सारे बोलणे चालले होते, त्या कॅसिओला तो रुमालाबद्दल विचारतो ते पत्नीच्या मृतदेहाजवळ उभे राहून. आणि उत्तर तत्काळ मिळते.