रेंज क्लिअर म्हणण्याआधी



मी तोफखान्यातला माणूस. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण टीव्हीवर रॉकेट उडताना दिसलं की अजून खुर्चीत ताठ बसतो. उलटी गिनती संपते, ज्वाळा दिसतात, आपण टाळ्या वाजवतो. माझं लक्ष मात्र खालच्या जमिनीकडे जातं. तिथे आधी काय होतं? असं का होतं, ते शेवटाकडे सांगतो.

सुरुवात केरळातल्या थुंबापासून करू. तिरुवनंतपुरमजवळचं हे कोळ्यांचं गाव. चुंबकीय विषुववृत्त इथून अगदी जवळून जातं. त्यावर साधारण ११० किलोमीटर उंचीवर आकाशात विजेचा एक प्रवाह वाहतो. फुगे तिथवर पोहोचत नाहीत आणि उपग्रह त्याच्या वरून फिरतात. मधल्या थराचा अभ्यास करायचा तर छोटं रॉकेटच हवं. म्हणून होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांना हा किनारा हवा होता. जागेच्या शोधात आपले एकनाथ चिटणीस यांचा मोठा वाटा होता, हे मराठी माणसाला ठाऊक असावं.

जागा रेल्वेमार्ग आणि समुद्र यांच्यामधली, अडीच किलोमीटर लांब, सुमारे ६०० एकर. पण ती रिकामी नव्हती. तिथे कोळ्यांची घरं होती आणि सेंट मेरी मॅग्दलीनचं चर्च होतं. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपांनी परस्पर होकार दिला नाही. रविवारच्या प्रार्थनेला जमलेल्या लोकांसमोर त्यांनी ही मागणी ठेवली आणि लोकांनी 'आमेन' म्हणून संमती दिली, ही आठवण डॉ. कलाम नेहमी सांगत. गाव हललं, नवं चर्च उभं राहिलं. जुन्या चर्चमध्ये कार्यालय आणि कार्यशाळा आली, बिशपांच्या घरात संचालक बसू लागले, गुरांच्या गोठ्यात प्रयोगशाळा झाली. रॉकेटचे भाग सायकलवरून नेलेले फोटो आपण पाहिलेच आहेत. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिलं रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकेचं, आतलं उपकरण फ्रान्सचं, जमीन कोळ्यांची.

त्या चर्चमध्ये आता अवकाश संग्रहालय आहे. मी आणि पत्नी ते पाहायला गेलो होतो. रॉकेटची मॉडेल्स पाहून झाली तरी मी त्या जुन्या भिंतींकडेच बघत राहिलो. इथे कुणाची लग्नं लागली असतील, कुणाच्या बाळांचे बाप्तिस्मे झाले असतील.

आता श्रीहरिकोटा. एका बाजूला पुलिकत सरोवर, दुसऱ्या बाजूला बंगालचा उपसागर. पूर्व किनारा दोन कारणांनी सोयीचा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्या दिशेने उडणाऱ्या रॉकेटला तिचा वेग फुकट मिळतो. शिवाय जळालेले टप्पे समुद्रात पडतात, वस्तीवर नाही. ९ ऑक्टोबर १९७१ रोजी इथून पहिलं रोहिणी रॉकेट उडालं.

त्याआधी या बेटावर जंगल होतं, निलगिरी आणि सुरूची लागवड होती, आणि यानादी नावाचे आदिवासी होते. मध, कंदमुळं, औषधी वनस्पती, मासे यांवर त्यांचं जगणं. अवकाशकेंद्र आलं, तशा वस्त्या हलल्या, जंगलातलं मोकळं फिरणं संपलं. थुंबाची गोष्ट सांगायला कलाम होते. यानादींची गोष्ट सांगणारं एकही नाव आपल्या ओठांवर येत नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. आपला 'ॲपल' उपग्रह १९८१मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू इथून उडाला. त्या किनाऱ्यावर आणि समोरच्या बेटांवर एके काळी फ्रान्सचे कैदी सडत होते. ड्रेफसला ठेवलं होतं ते डेव्हिल्स आयलंड तिथलंच.

आता माझी गोष्ट. १९८६ साली मी कॅप्टन होतो. एका फायरिंग रेंजवर सराव होता. अशा वेळी लाल झेंडे लावतात, धोक्याच्या हद्दीतली गावं दिवसभरासाठी रिकामी करतात, आणि सगळीकडून खात्री आली की 'रेंज क्लिअर' असा संदेश जातो. ती खात्री देण्याचं काम माझं होतं.

एक आजी निघेना. म्हणाली, "साहेब, म्हैस अडली आहे. आज व्यायची आहे ती." मी घड्याळ पाहिलं. जवानांना सांगून म्हैस हाकलली आणि संदेश दिला, रेंज क्लिअर. संध्याकाळी परत गेलो तेव्हा आजी रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसली होती. रेडकू मेलं होतं. तिला त्या दिवसाची ठरलेली भरपाई मिळाली. रेडकाचा रकाना फॉर्मवर नव्हता, आणि मी तो कुणाला विचारलाही नाही. नियम मोडला नव्हता. तरी ती लिंबाखालची बाई मला अजून दिसते.

सराव नको होता, असं मी म्हणत नाही. सैन्याला सराव हवा, देशाला रॉकेट हवं. याच श्रीहरिकोट्यावरून वादळाची सूचना देणारे उपग्रह गेले, आणि त्यामुळे कोळ्यांचेच जीव वाचतात. पण 'मोकळी जागा' हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरतो.

आज तमिळनाडूत कुलशेखरपट्टणमला नवा तळ होतो आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये त्याची पायाभरणी झाली. श्रीहरिकोट्यावरून सरळ दक्षिणेला जाता येत नाही, वाटेत श्रीलंका येते. वळसा घेण्यात इंधन जातं, आणि लहान रॉकेटला ते परवडत नाही. म्हणून ही जागा योग्यच. पण तिथेही माणसं आहेत, होड्या आहेत, देवीचा मोठा दसरा भरतो.

माझी विनंती एवढीच. तुमच्या राज्यात असा तळ असेल, तर मुलांना घेऊन जा. रॉकेट दाखवा. आणि परतताना गाडी थांबवून हलवलेल्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "आजोबा, तुमचं घर नेमकं कुठं होतं?" ते हात करून दाखवतील. त्या दिशेला एकदा बघा.

मी आजीला तेवढंही विचारलं नव्हतं.

जय हिंद.