घरगुती वेल्डिंग : कोणता सांधा कशासाठी?

(मंडळाच्या श्रावणातल्या मासिक सभेत केलेलं भाषण)



कार्यकारिणीने मला ‘आपल्या छंदाविषयी बोला’ असं सांगितलं. आपल्याकडे कोणी गातं, कोणी नाटकात काम करतं, कोणी बाग लावतं. माझ्या छंदाचा शेजाऱ्यांना त्रासच जास्त. मी राज्य शासनाचा नोकर, आठवडाभर नस्त्या वर-खाली करतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा कपाटात गंजू नये म्हणून रविवारी मागच्या अंगणात लोखंड जोडतो. आमच्या गल्लीतल्या निम्म्या कुंड्यांचे स्टँड माझे आहेत.

यंदा मात्र हा विषय निव्वळ छंदाचा राहिलेला नाही. बांबू-बल्ल्यांच्या मांडवाऐवजी दर वर्षी जोडता-सोडता येईल असा लोखंडी सांगाडा करावा, आणि तो आपल्याच पोरांनी वेल्डिंग शिकून करावा, अशी सूचना आली आहे. सूचना उत्साहाची आहे, पैसेही वाचतील. पण त्या सांगाड्याखाली आरतीला दीडशे माणसं उभी राहणार आहेत. म्हणून वेल्डिंगचे प्रकार सांगताना कोणता सोपा, कोणता सुंदर, एवढ्यावर मी थांबणार नाही. कोणता प्रकार कसा फसवतो, हे मला जास्त सांगायचं आहे.

आधी एक फरक. पितळेच्या भांड्याला डाख देतात, तेव्हा भांडं वितळत नाही. वितळतो तो मधला डाख, आणि तो गोंदासारखा दोन्हीकडे धरून राहतो. वेल्डिंगमध्ये जोडायचे दोन्ही तुकडे सांध्यापाशी एकजीव व्हावे लागतात. आपल्या आजोबांच्या गावचा लोहार बैलगाडीच्या चाकाची धाव जोडायचा, ते याच जातीचं काम. टोकं भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवायची आणि घणाने एकमेकांत ठोकायची. आपल्या मध्य प्रदेशातच धारला लाट मशिदीपाशी परमार काळातला मानला जाणारा लोखंडी खांब तीन तुकड्यांत पडला आहे. सुमारे ७ टन वजन. तो ओतीव नाही; लोखंडाचे गोळे तापवून, ठोकून, एकाला एक जोडत नेलेला आहे. मांडूला जाताना धारवरून आपण सगळेच जातो, पण खांब बघायला उतरणारे थोडे.

आता आजचे प्रकार. गॅस वेल्डिंग म्हणजे ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनची ज्योत, तापमान ३००० अंशांच्या वर. साधं पोलाद १५०० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे ज्योत पुरून उरते. फ्रिजच्या तांब्याच्या नळ्या, पातळ पाइप, पितळेचं झाळकाम यांना ती उत्तम, हात शांत असेल तर फार देखणं काम होतं. तरी घरी ठेवायला मी कोणालाच सांगणार नाही. ॲसिटिलीन सिलिंडरमध्ये ॲसिटोनमध्ये विरघळवून भरलेलं असतं, त्यामुळे सिलिंडर आडवा ठेवून वापरता येत नाही. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेलाचा हात लागलेला चालत नाही. आणि भोपाळमध्ये ‘गॅस’ म्हटलं की १९८४ चा डिसेंबर पाहिलेल्या माणसांच्या मनात काय येतं, ते मी सांगायला नको. वस्तीत असले सिलिंडर नकोतच.

दुसरा प्रकार रॉडचा, ज्याला आपण नुसतं ‘वेल्डिंग’ म्हणतो. विजेच्या ठिणगीने धातू जोडायची युक्ती रशियाच्या बेनार्दोस यांनी १८८१ मध्ये काढली, आणि रॉडवर लेप चढवायची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या केलबर्ग यांची. तो लेप शोभेचा नाही. तो जळताना धूर होतो, तो वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. उरलेल्याची वर खपली बसते, ती गार झाल्यावर ठोकून काढायची. आपल्याकडे दुकानात ‘६०१३’ नंबरचा रॉड मिळतो. रॉड बनवणारा एक मोठा कारखाना, डी अँड एच सेशेरॉन, आपल्या इंदूरलाच आहे. जाडी बहुधा २.५ किंवा ३.१५ मिलिमीटर. पहिल्याला ८० अँपिअरच्या आसपास, दुसऱ्याला ११० च्या आसपास करंट. पूर्वी यासाठी तेलाने भरलेला दोन माणसांनी उचलायचा ट्रान्सफॉर्मर लागे. आता खांद्याला अडकवता येईल एवढं इन्व्हर्टर मशीन मिळतं आणि २.५ चा रॉड घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. करंट बरोबर असला की कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो. माझे वडील भेलमध्ये होते. १९६० साली नेहरूंनी उद्घाटन केलेला तो कारखाना त्या पिढीसाठी ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’च राहिला. ते म्हणायचे, वेल्डर डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त काम करतो.

तिसरा प्रकार मिग. गोविंदपुऱ्यात त्याला ‘सीओटू’ म्हणतात, कारण रॉडच्या धुराऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू सांध्यावर सोडतात. बंदुकीचा घोडा दाबला की ०.८ मिलिमीटरची तार रिळातून आपोआप येते. रॉड बदलायला नको, खपली ठोकायला नको. नवशिक्या मुलालाही अर्ध्या तासात सरळ रेघ मारता येते. मिस्त्री म्हणतो, “साहब, सीओटू करवा लो, माखन जैसा बैठेगा.” बसतंही तसंच.

चौथा टिग, आपल्याकडचं ‘आर्गन’. एका हातात टंगस्टनची टोकदार कांडी, दुसऱ्या हातात भरायची तार, आणि काही मशीनांना पायाखाली करंटचं पेडल. शिवणयंत्र चालवणाऱ्या काकूंना हे माझ्यापेक्षा लवकर येईल, हे मी गमतीने म्हणत नाही. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमला याला तोड नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा अदृश्य ऑक्साइडचा पापुद्रा २००० अंशांच्या वर. आतलं पाणी होतं आणि वरची साल तशीच राहते, म्हणून तिथे एसी करंट देऊन ती साल फोडावी लागते. टिगमध्ये वितळलेलं डबकं स्पष्ट दिसतं, लपवाछपवी नाही. फक्त वेळ फार लागतो. आणि एक सांगून ठेवतो : कॉलनीतली चकचकीत स्टीलची रेलिंग ग्राइंडरने इतकी सपाट घासलेली असतात, की पुष्कळदा निम्मा सांधाच घासला गेलेला असतो. बाल्कनीच्या रेलिंगला टेकण्याआधी सांध्याकडे एकदा बघत जा.

आणखी दोन प्रकार आपल्या नकळत आपल्याभोवती आहेत. घरच्या लोखंडी कपाटाचे पत्रे स्पॉट वेल्डिंगचे, टिकलीएवढे ठिपके. आणि बाग सेवनियाच्या बाजूने इटारसीकडे जाणारे रूळ. पूर्वी गाडीचा खटक-खटक आवाज यायचा, तो दोन रुळांच्या फटीचा. आता भिलाईहून २६० मीटर लांबीचे रूळ जोडूनच येतात, आणि उरलेले सांधे जागेवर थर्मिटने करतात. ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा ऑक्साइड पेटवला की वीज नको, सिलिंडर नको, वितळलेलं पोलाद साच्यात उतरतं. नंतर ध्वनिलहरींनी आतून तपासणी होते. शेवटची ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण घरी ती आपल्याकडे नसते.

मग आपण काय करायचं? गोविंदपुऱ्यातल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये तिन्ही मशीनं आहेत. पोरांना दाखवायला एका रविवारी मी तिथे ६ मिलिमीटरच्या सारख्या पट्ट्या घेतल्या, उलट्या टी अक्षरासारख्या उभ्या केल्या आणि एकाच बाजूने वेल्ड केल्या. मग एकेक जोड वाईसमध्ये धरून उभी पट्टी घणाने वेल्डवर पाडायची. फुटल्यावर आत काय आहे ते बघायचं. यंत्र नको, प्रयोगशाळा नको.

रॉडचा जोड दिसायला ओबडधोबड होता, आमच्या सौ. म्हणाल्या, जिलबी चुकल्यासारखा. पट्टी वाकत वाकत पार झोपली, तेव्हा कुठे तो मधोमध फाटला, आणि दोन्ही पट्ट्यांवर खरखरीत राखाडी धातू चिकटून राहिला. टिगचा त्याहून चांगला, पण करायला चौपट वेळ. सीओटूचे मी मुद्दाम दोन केले. पहिला ९० अँपिअरवर, पातळ पत्र्याला लावतात तसा. चौघांमध्ये सर्वांत देखणा तोच. तिसऱ्या घावाला अख्खी रेघ खपलीसारखी सुटून आली, आणि खालच्या पट्टीवर वेल्ड करण्याआधीचे ग्राइंडरचे ओरखडे जसेच्या तसे होते! धातू नुसता वर बसला होता, आत शिरलाच नव्हता. दुसरा १६० अँपिअरवर केला, तो रॉडच्या बरोबरीने टिकला. पोरांना मी विचारलं, घाव घालण्याआधी या दोन्हींत फरक ओळखता आला असता का? कोणालाच सांगता आलं नाही. खरं तर मलाही नुसतं बघून सांगणं कठीण होतं.

माझं सगळं म्हणणं या एका तुकड्यात आलं. करंट कमी असला की रॉड पट्टीला चिकटतो, विझतो, हैराण करतो. म्हणजे तो तक्रार करतो. सीओटूची बंदूक तक्रार करत नाही. कमी करंटवरही ती गोड गोड रेघ ओढत राहते. रॉडही फसवतो, खपली नीट काढली नाही तर ती आत गाडली जाते, पण निदान शिकणाऱ्याला लवकर समज येते. म्हणून माझं मत, पुष्कळांना पटणार नाही तरी : घरी शिकायचं तर आधी रॉड. सहा महिने तरी. सीओटू नंतर, आणि टिग ज्याला चिकाटी आहे त्याने.

मांडवाच्या जागी सीओटूची आणखी एक अडचण आहे. मोकळ्या मैदानात वारा तो वायू उडवून नेतो आणि सांध्यात सच्छिद्र स्पंज तयार होतो. आणि रॉडची अडचण आपल्या ऋतूची. भाद्रपदात दमट हवा, रॉडचा लेप ओल धरतो. ‘७०१८’ नंबरचे मजबूत रॉड तर ३०० अंशांच्या वर भाजून घ्यावे लागतात, आपला केकचा ओव्हन तिथवर पोहोचत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ओली जमीन. होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते जाणवत नाहीत, पण घामाने भिजलेल्या आणि चिखलात उभ्या माणसाला तेवढे पुरेसे आहेत.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझा प्रस्ताव असा. सांगाड्याचे उभे खांब, वरच्या तुळया आणि स्टेजचा आधार इथे आपल्या पोरांचं वेल्डिंग नको. खांबांना प्लेटा आणि कोन लावून घ्यायचं काम परीक्षा दिलेल्या वेल्डरकडून वर्कशॉपमध्येच करून घ्यावं, आणि मैदानावर सगळं नट-बोल्टने जोडावं. बोल्ट ढिला झाला तर पान्याने कळतं, डोळ्यालाही दिसतं. खर्च वाढेल, माझ्या अंदाजाने तरी बांबूच्या दोन-तीन वर्षांच्या भाड्यात निघेल. पोरांनी मखराचा सांगाडा, चपलांचे स्टँड, कनातींच्या चौकटी खुशाल कराव्यात. त्यांचा सांधा सुटला तर चपला पडतील, माणूस नाही.

कोणी म्हणेल, एवढी भीती कशाला, गावोगाव असेच मांडव उभे राहतात. राहतात खरे. पण आपल्या मांडवात पहिल्या रांगेत खुर्च्यांवर ऐंशीच्या घरातली मंडळी बसतात, त्यांना पटकन उठता येत नाही.

गॅल्व्हनाइज्ड पाइप मात्र कोणीही वेल्ड करू नका. जस्त ९०७ अंशांना उकळतं, त्याचा पांढरा धूर छातीत जातो आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. कारागीर त्यावर गूळ खातात. गूळ खा, चांगलाच लागतो, ताप त्याने टळत नाही.

येत्या रविवारी सकाळी मागच्या अंगणात मी रॉडचं काम दाखवणार आहे. यायचं असेल त्यांनी पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि बंद बूट घालून यावं. नायलॉन-टेरिकॉट नको, ठिणगी पडली की अंगाला चिकटतं. साधे गॉगल चालत नाहीत, १० किंवा ११ नंबरची काच लागते. माझ्याकडे अशा तीन टोप्या आहेत, आळीपाळीने वापरू. लहान मुलांना ‘लांबून बघ’ असं सांगून उभं करू नका. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग रात्री सुरू होते, तेव्हा बटाट्याच्या चकत्या आणि दुधाचे बोळे ठेवत बसण्यापेक्षा डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं. साडेनऊला सुरू करू, त्याआधी शेजारच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे आत जाऊ द्या.