पगार थकलेल्या शिपायांचे युद्ध



आजचा विषय अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा. आम्ही कॉलेजात इतिहास शिकलो नाही. गेटसभा आटोपल्यावर रात्री वाचनालयातली पुस्तके वाचावीत, हीच आमची शाळा. तेव्हा सेनापतींच्या आधी आमचे लक्ष शिपायांच्या थकलेल्या पगाराकडे गेले, तर आपण नवल मानू नये.

भांडण कराचे होते. १७६५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने अमेरिकेतल्या वसाहतींवर स्टँपचा कर लादला. ज्या सभेत आमचा प्रतिनिधी नाही तिने आमच्या खिशात हात का घालावा, हा वसाहतवाल्यांचा सवाल. त्यांनी इंग्रजी माल घेण्याचे थांबवले, आणि पुढच्याच वर्षी कर रद्द झाला. मग नवे कर आले. पुन्हा बहिष्कार झाला, घरोघर बाया सूत कातू लागल्या. १६ डिसेंबर १७७३ रोजी बॉस्टन बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात गेल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा. हीच कंपनी १७७५ साली राघोबादादांशी तह करून पुण्याच्या राजकारणात उतरली, हे आपण जाणताच.

१७७४ साली फिलाडेल्फियात वसाहतींची काँग्रेस भरली. बहिष्कार पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी तिने गावोगाव समित्या नेमायला सांगितले. पुढे या समित्याच कारभार पाहू लागल्या. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टनला पहिली गोळी सुटली, तेव्हा संघटना आधीच उभी होती. आमच्या मते अर्धे युद्ध तिथेच जिंकले गेले.

वॉशिंग्टनने लढाया जिंकल्या त्यापेक्षा अधिक हरल्या. १७७६ साली न्यूयॉर्क गेले, १७७७ साली फिलाडेल्फियाही गेले. पण शहर गेले तरी सैन्य मोडू द्यायचे नाही, हा त्याचा हिशेब होता. इंग्रजांची कुमक समुद्रापलीकडून तीन हजार मैलांवरून यायची. बंदरे त्यांच्या हाती राहिली. आतला मुलूख त्यांना आवरला नाही. ऑक्टोबर १७७७ मध्ये सॅराटोगाला बर्गॉइनचे अख्खे सैन्य शरण आले आणि फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने वसाहतींशी तह केला. पण त्याच हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या छावणीत रोगराईने दोन हजारांच्या आसपास माणसे दगावली.

काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. तिने नोटा छापल्या, आणि त्या नोटांना कवडीची किंमत उरली नाही. १ जानेवारी १७८१ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या पलटणी मॉरिसटाउनहून बाहेर पडल्या. वर्षभर पगार नव्हता. अंगावर धड कपडा नव्हता. भरतीच्या करारात 'तीन वर्षे किंवा युद्ध संपेपर्यंत' असे शब्द होते. शिपाई म्हणत, तीन वर्षे भरली, सोडा. अधिकारी म्हणत, युद्ध संपेपर्यंत राहा. त्या रात्री रक्तही सांडले. एक कॅप्टन मारला गेला. मग शिपायांनी सार्जंटांची समिती निवडली आणि शिस्तीत प्रिन्स्टनपर्यंत कूच केले.

इंग्रज सेनापतीने ही संधी साधली. आमच्याकडे या, थकबाकी देतो, असा निरोप घेऊन त्याचे हेर आले. शिपायांनी ते हेर आपल्या सरकारच्या हवाली केले आणि ते फासावर गेले. बक्षीस म्हणून सोन्याची नाणी देऊ केली, तीही सार्जंटांनी नाकारली. भुकेल्या माणसाने हे केले, बंधूंनो! आपल्या सरकारशी हक्कासाठी भांडणे निराळे आणि शत्रूला जाऊन मिळणे निराळे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. तडजोड झाली, निम्म्या शिपायांना रजा मिळाली. मात्र त्याच महिन्यात न्यू जर्सीच्या पलटणींनी तेच केले, तेव्हा वॉशिंग्टनने त्यांना वेढले आणि दोघा पुढाऱ्यांना त्यांच्याच सोबत्यांकडून गोळ्या घालवल्या. तोही इतिहास सांगितला पाहिजे.

त्याच साली यॉर्कटाउनकडे निघालेल्या शिपायांच्या हाती एक महिन्याचा पगार खणखणीत नाण्यांत पडला, तोही फ्रेंचांकडून उसना घेतलेला. फ्रेंच आरमाराने समुद्र अडवला, जमिनीवरून दोन्ही सैन्यांनी वेढा दिला आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी कॉर्नवॉलिसचे सात हजारांवर सैनिक शरण आले. हाच कॉर्नवॉलिस १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. ३ सप्टेंबर १७८३ रोजी तह होऊन स्वातंत्र्य मान्य झाले.

आणि शिपायांचे काय? त्यांच्या हाती थकबाकीची कागदी प्रमाणपत्रे पडली. नडलेल्यांनी ती मिळेल त्या भावाने सट्टेवाल्यांना विकली. १७९० साली सरकारने कर्ज मान्य केले तेव्हा पैसा मिळाला तो कागद ज्याच्या हाती, त्याला. त्याआधीच, १७८६ साली, मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जाने गांजलेले शेतकरी उठले. त्यांचा पुढारी डॅनियल शेज याच युद्धातला कॅप्टन होता. गुलामांना तर १८६५ सालापर्यंत वाट पाहावी लागली.

विजयाच्या दिवशी घोड्यावरचा माणूस साऱ्यांना दिसतो. त्याच्यामागे अनवाणी चाललेल्यांचे देणे कोणाकडे राहिले, हेही आपण विचारीत जावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.