विडीची छाट आणि कायद्याची ओळख

अहिल्यानगर जिल्ह्याचें, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचें, नांव निघालें कीं साखर कारखाने आठवतात. परंतु नगर शहर व संगमनेर येथें आणखी एक धंदा पिढ्यानुपिढ्या चालत आला असून त्याचा गाजावाजा मात्र होत नाहीं. तो धंदा विडी वळण्याचा. कारखान्यांतून पानें, तंबाखू व सूत घरीं आणावयाचें, पानें भिजवून कात्रीनें कापावयाचीं, मांडीवर सूप घेऊन विड्या वळावयाच्या आणि जुड्या बांधून त्या पोंचत्या करावयाच्या, असा हा क्रम. हें काम करणाऱ्या बहुतेक स्त्रियाच. नगरांत त्यांत पद्मशाली समाजांतील स्त्रियांचा भरणा मोठा. मजुरी मिळते ती हजारी दरानें.

माल देतांना तपासणी होते व कांहीं विड्या नापसंत ठरतात. ह्यासच छाट म्हणतात. छाट वाढली कीं मजुरी घटते. आणि ती योग्य आहे कीं नाहीं, हा वाद घालण्यास बाईजवळ तेथें कोणीहि नसतें.

१९६६ सालीं विडी व सिगार कामगारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. घरीं बसून काम करणाऱ्या स्त्रीलाहि त्यानें कामगार मानलें, भरपगारी रजा दिली, आणि छाटीवरून उठणाऱ्या तंट्यांच्या निवाड्याची सोय केली. कारखानदारांनीं त्यास आव्हान दिलें. १९७४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो वैध ठरविला. पुढें भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न आला. आपल्या घरीं, आपल्या सोयीनें काम करणारी बाई नोकर कशी, असा मालकांचा सवाल होता. १९८५ सालीं पटेल आणि सन्स यांच्या खटल्यांत न्यायालयानें दिलेलें उत्तर मोठें मार्मिक आहे. माल नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हातीं, त्याचें कामावर नियंत्रण आहे. म्हणून घरीं विडी वळणारीहि निधीची हक्कदार होय. जी छाट तिची मजुरी खाते, तीच ती नोकर असल्याचा पुरावा ठरली!

हें सारें संघटनेच्या पुढाऱ्यांस ठाऊक असतें, मग प्रत्येक सभासदानें डोकें कां शिणवावें, असें पुष्कळांस वाटतें. पण पुस्तकावर नोंद होते तेव्हां पुढारी तेथें नसतो. उपदानाचाच हिशेब पाहावा. पांच वर्षांच्या सलग नोकरीनंतर, वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणें तें मिळतें. हजारी दरानें काम करणारीचें वेतन मात्र शेवटच्या तीन महिन्यांच्या सरासरीवरून काढतात. त्या तीन महिन्यांत तिचें काम दुसरीच्या पुस्तकावर चढलें असेल, तर साऱ्या आयुष्याची रक्कम आखडते. निष्णात वकील नंतर मिळाला तरी न लिहिलेली विडी तो कोठून आणणार?

आतां तर जुनें पाठांतरहि पुरेसें नाहीं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागीं चार संहिता अंमलांत आल्या. १९६६ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीच्या संहितेंत विलीन झाला, तर उपदानाचा विषय सामाजिक सुरक्षेच्या संहितेंत गेला. जुन्या कलमांचे आंकडे घेऊन भांडणारास आतां समोरचा हंसेल.

नव्या व्यवस्थेंत कामगारास नेमणुकीचें पत्र देणें मालकावर बंधनकारक आहे. तें पत्र हातीं येईल तेव्हां कामास लागल्याची तारीख कोणती घातली आहे, हें वाचून किंवा वाचवून घेतल्याविना त्यावर सही वा अंगठा करूं नये, हें संघटनेच्या सभेंत पुनःपुन्हां सांगितलें गेलें पाहिजे. तीस वर्षें विड्या वळलेल्या बाईच्या पत्रावर आजची तारीख पडली, तर मागल्या वर्षांचा पुरावा शोधीत तिलाच हिंडावें लागेल.