मानसशास्त्रीय चाचण्या : कोठे शोधाव्यात, कशा पारखाव्यात?

(मानसमापनाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मानसमापन हा विषय केवळ व्याख्या पाठ करून आत्मसात होत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष चाचणी हाताळावी लागते. मात्र चाचणी ही पाठ्यपुस्तकाप्रमाणे सर्रास वाटण्याची वस्तू नव्हे. प्रश्न आणि उत्तरसूची आधीच ठाऊक झाल्यास प्राप्तांकावरून क्षमतेचा अंदाज येत नाही. म्हणूनच चाचण्यांच्या छायाप्रती वाटणे हा स्वामित्वहक्काचा भंग तर आहेच, पण त्यामुळे मोजमापाचे साधनही निकामी होते.

मग साहित्य मिळवावे कसे? पहिला मार्ग ग्रंथालयाचा. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने (एन.सी.ई.आर.टी.) शैक्षणिक व मानसशास्त्रीय चाचण्यांचे राष्ट्रीय ग्रंथालय उभारले आहे. आपल्या विभागाच्या प्रयोगशाळेतील चाचण्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली अभ्यासता येतात. दुसरा मार्ग खुल्या साहित्याचा. लुईस गोल्डबर्ग यांच्या पुढाकाराने तयार झालेला व्यक्तिमत्त्वविषयक विधानांचा आंतरराष्ट्रीय संग्रह सर्वांना विनामूल्य वापरता येतो. तिसरा मार्ग स्वनिर्मितीचा. वीस प्रश्नांची छोटी चाचणी स्वतः रचून प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी व भेदनक्षमता काढून पाहा.

चाचणी हाती आल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात : विश्वसनीयता, सप्रमाणता आणि मानके. यांपैकी मानकांकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिने चाचणीचे कन्नड व मराठी रूपांतर केले. चंद्रमोहन भाटिया यांची १९५५ मधील कृतिचाचणीमाला उत्तर प्रदेशातील ११ ते १६ वर्षे वयाच्या साक्षर व निरक्षर मुलांवर प्रमाणित झाली. ही कामे मोलाची आहेत. परंतु ती त्या काळच्या, त्या प्रदेशातील मुलांशी तुलना करतात. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, अमेरिकेत बुद्धिगुणांक दर दशकास सुमारे तीन गुणांनी वाढत गेला होता. त्यामुळे जुन्या मानकांवर आजच्या बालकाचा गुणांक फुगलेला दिसू शकतो आणि ज्यास साहाय्य हवे तेच बालक त्यापासून वंचित राहू शकते. याउलट, परक्या भाषेतील शाब्दिक चाचणीमुळे सक्षम बालकावर मंदतेचा शिक्का बसू शकतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार बौद्धिक दिव्यांगतेच्या प्रमाणपत्रावर अनेक सवलती अवलंबून असतात. म्हणून चाचणी कोठे मिळेल, हे विचारताना ती कोणासाठी आणि केव्हा प्रमाणित झाली, हेही अवश्य विचारावे. चाचणीची पुस्तिका उघडताच प्रश्नांआधी मानकांचा तक्ता वाचण्याची सवय आपण आजपासूनच लावून घ्यावी, एवढीच अपेक्षा.